गोष्ट रेकॉर्ड झाली म्हणजे वाचली का? लेनापे लोकांच्या तोंडी परंपरेबद्दल, सोप्या भाषेत

न्यूयॉर्क-न्यू जर्सीत कोणाचं ना कोणाचं नातेवाईक असतंच, आणि त्यांच्याकडून हल्ली "हे लेनापे कोण?" हा प्रश्न हमखास येतो. कॉलेजचा समारंभ असो, म्युझियममधला कार्यक्रम असो नाहीतर नाटक, सुरू होण्याआधी कोणीतरी माइकवर येऊन सांगतं की आपण ज्या जमिनीवर बसलोय ती लेनापे लोकांची आहे, आणि मग कार्यक्रम सुरू. हे लेनापे कोण, आता आहेत कुठे, हे तिथे बसलेल्या बहुतेकांना माहीत नसतं. त्यात मॅनहॅटन बेट डच लोकांनी ६० गिल्डरच्या (त्यांचं तेव्हाचं नाणं) मालाला "विकत घेतलं" तो व्यवहार १६२६ चा, म्हणजे २०२६ मध्ये त्याला ४०० वर्षं, त्यामुळे नाव पुन्हा पुन्हा कानावर पडणार.

जमिनीबद्दल बरंच लिहिलं जातं. मला लिहायचंय ते त्यांच्या गोष्टींबद्दल, कारण जमीन गेल्यावरसुद्धा ती माणसं जे बरोबर घेऊन चालत राहिली त्यात या गोष्टी होत्या, आणि त्या टिकवायच्या म्हणजे नक्की काय करायचं हा प्रश्न वरवर वाटतो त्यापेक्षा खूप अवघड आहे.

## आधी थोडक्यात, लेनापे कोण

आजचं अख्खं न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाचा पूर्व भाग, न्यूयॉर्क शहर आणि त्याच्या वरचा हडसन नदीचा खालचा पट्टा, डेलावेअर राज्याचा उत्तर भाग, गोरे येण्याआधीपासून तिथे राहणाऱ्या या आदिवासी लोकांचा हा सगळा मुलूख. इंग्रजांनी त्यांना डेलावेअर म्हटलं, तेही नाव चिकटलं. भाषा दोन, उत्तरेकडे मुन्सी आणि दक्षिणेकडे उनामी, बहिणी-बहिणी म्हणाव्यात अशा, पण वेगळ्या.

मग ढकलणं सुरू झालं. १७३७ चा किस्सा तर पेनसिल्व्हेनियात आजही सांगतात. पेनसिल्व्हेनिया ज्यांच्या मालकीचं होतं त्या पेन कुटुंबाने एक जुना कागद पुढे केला की दीड दिवसात माणूस जितकं चालेल तितकी जमीन आमची, लेनापेंना वाटलं आपण चालतो तसं चालतील, मध्ये बसतील, जेवतील, आणि समोरच्यांनी आधी झाडं तोडून वाट मोकळी केली आणि तीन तगडे गडी सोडले, त्यातला एकच शेवटपर्यंत टिकला पण तेवढ्यात ते शंभरेक किलोमीटर लांब पोचले होते. मग ओहायो, मग इंडियाना, मग मिसुरी, मग कॅन्सस, आणि १८६७ च्या सुमारास ओक्लाहोमा. एक गट टेक्सासमार्गे वेगळा गेला, तोही शेवटी ओक्लाहोमातच, अनाडार्को गावी. मुन्सी बोलणारे बरेचसे कॅनडात ऑंटारियोला गेले, काही विस्कॉन्सिनमध्ये. काही कुटुंबं न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातच गुपचूप राहिली असं त्यांचे वंशज सांगतात.

म्हणजे गोष्टी जिथे घडल्या ती नदी, तो डोंगर एकीकडे आणि सांगणारे जवळजवळ दोन हजार किलोमीटर दुसरीकडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

## मौखिक परंपरा म्हणजे नुसत्या गोष्टी नाहीत

मौखिक परंपरा हा शब्द एकदाच समजून घेऊ आणि मग सोडून देऊ. लिहून न ठेवता, एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकून लक्षात ठेवायचं आणि पुढे सांगायचं, अशा पद्धतीने जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालतं ते सगळं. त्यात सृष्टी कशी झाली ती कथा येते, शिकारीचे नियम येतात, मक्याला मान दिला नाही तर मका निघून कसा जातो ती गोष्ट येते, आणि पोट धरून हसायला लावणाऱ्या गोष्टीही येतात. लेनापेंकडे वेहिक्सामुकेस नावाचा एक गडी आहे, इंग्रजीत त्याला जॅक म्हणायला लागले, त्याला जे सांगाल ते तो शब्दशः करतो आणि सगळ्यांची पंचाईत होते, पण अंगात ताकद अफाट.

या गोष्टी कधीही सांगायच्या नसतात. त्या हिवाळ्याच्या. उन्हाळ्यात सांगितल्या तर किडे-मुंग्या अंगावर येतील, चावतील, असं मुलांना बजावलेलं असायचं. आणि कोणाला अगदीच राहवलं नाही तर पळवाटही होती, सांगणाऱ्याने आधी जाहीर करायचं की मी स्कंकच्या कातड्यांवर बसलोय. स्कंक म्हणजे तो घाणेरडा वास सोडणारा प्राणी, म्हणजे किडे जवळ येणार नाहीत. मला हे फार आवडतं कारण यात नियम पण आहे, नियमाचा मान पण आहे आणि नियमातून वाट काढणारी माणसं पण दिसतात. नियमामागे व्यवहारही होताच, उन्हाळ्यात शेती, मासेमारी, हिंडणं, आणि थंडीत सगळे एका छपराखाली शेकोटीभोवती, दुसरीकडे जायला वाव नाही, मग म्हातारी माणसं बोलणार आणि पोरं ऐकणार.

## एक गोष्ट जवळून बघू

ऑक्टोबर १६७९. यास्पर डांकर्ट्स नावाचा एक डच प्रवासी न्यूयॉर्कमध्ये उतरला होता आणि रोजची डायरी लिहीत होता. एक दिवस तो राहायचा त्या घरी ऐंशीच्या आसपासचा एक लेनापे म्हातारा आला, हॅकनसॅककडे राहणारा. नाव तांताके. पाहुण्यांनी विचारलं, तुम्ही आलात कुठून? म्हातारा म्हणाला, बापापासून. आणि बाप? त्याच्या बापापासून. आणि तो? असं वर वर जात राहिले.

तेव्हा म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग बसल्या जागी चुलीतला एक कोळसा उचलला आणि जमिनीवर एक लांबट गोल काढला, त्याला चार पाय, डोकं, शेपूट. म्हणाला, हे कासव. मग त्याच्याभोवती हात फिरवून म्हणाला, आणि हे सगळं पाणी. कासवाने हळूहळू पाठ वर काढली, पाणी ओघळून गेलं, जमीन कोरडी झाली. मग त्याने एक गवताची काडी घेतली आणि चित्राच्या मधोमध उभी धरली. हे झाड. झाडाच्या मुळातून एक कोंब फुटला, त्यावर पहिला पुरुष उगवला, तो एकटा होता आणि एकटाच राहिला असता, पण झाड वाकलं, शेंडा जमिनीला टेकला, तिथे दुसरं मूळ धरलं, त्यातून दुसरा कोंब, त्यावर बाई. आपण सगळे या दोघांपासून.

ही सगळी डायरी पुढे कुठेतरी पडून राहिली आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी ॲमस्टरडॅममधल्या पुस्तकांच्या दुकानात सापडली, १८६७ मध्ये छापली गेली. आज ही गोष्ट आपल्याला माहीत आहे ती त्या डायरीमुळे, हे खरंच. पण तांताकेने काय काय केलं ते परत बघा. तो गप्प बसला. कोळसा उचलला. हात फिरवला. काडी उभी धरली. प्रश्नाचं उत्तर म्हणून गोष्ट सांगितली, सहज म्हणून नाही. डांकर्ट्स लक्ष देऊन बघणारा माणूस होता म्हणून हे सगळं उतरलं, नाहीतर "यांची समजूत अशी की पृथ्वी कासवावर आहे" अशी एक ओळ उरली असती, आणि अशा एका ओळीत उरलेल्या गोष्टी किती असतील याचा हिशोब कोणाकडेच नाही.

## साखळी तुटली कुठे

लोकांना वाटतं एवढी भटकंती झाली तेव्हाच सगळं संपलं असणार. तसं झालं नाही. ओहायोत अठराव्या शतकात राहिलेल्या जॉन हेकेवेल्डर या मिशनऱ्याला लेनापे म्हाताऱ्यांनी मॅनहॅटनला पहिलं जहाज आलं त्याची गोष्ट सांगितली, म्हणजे समुद्र मागे राहून पिढ्या लोटल्या तरी गोष्ट शाबूत होती. गोऱ्यांनी कुऱ्हाडी दिल्या तर आमच्या लोकांनी त्या गळ्यात दागिन्यासारख्या अडकवल्या, पायमोजे दिले तर त्यात तंबाखू ठेवली, दुसऱ्या वर्षी गोरे परत आले आणि बघून हसले, असं ते स्वतःच सांगायचे.

चालण्याने साखळी तुटली नाही. ती तुटली मुलांना वेगळं काढल्यावर. अमेरिकेत आणि कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या, मुलांना घरापासून लांब ठेवायचं, घरची भाषा बोलली तर शिक्षा. सगळ्यात नावाजलेली कार्लाइलची शाळा तर १८७९ ते १९१८ पेनसिल्व्हेनियात होती. ऑंटारियोत माउंट एल्जिन नावाची शाळा मुन्सी लोकांच्या वस्तीला लागूनच होती, १८५१ ते १९४६. हिवाळ्याच्या रात्री मुलं जर वसतिगृहात असतील तर आजी गोष्ट सांगणार कोणाला? आणि तिथून परत आलेल्या अनेकांनी पुढे स्वतःच्या मुलांशी मुद्दाम इंग्रजीच धरली, त्यांना मार बसू नये म्हणून. याला दोष कसा देणार, ती मायाच होती.

दुसरा घाव प्रसंग जाण्याचा. लेनापेंचा एक मोठा सोहळा असायचा, शरद ऋतूत, बारा रात्री, एका लांब लाकडी घरात, आत खांबांवर कोरलेले चेहरे. त्यात एकेक माणूस कासवाच्या पाठीचं वाद्य हातात घेऊन स्वतःला झालेला दृष्टांत गाऊन सांगायचा आणि बाकीचे त्याच्यामागे म्हणायचे. ओक्लाहोमात हा सोहळा शेवटचा १९२४ मध्ये झाला असं मानतात. त्याचं वर्णन जेम्स वेबर या लेनापे जाणकाराने मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक स्पेकला सांगून लिहून ठेवलं, ते १९३१ मध्ये छापलंही गेलं. पण वर्णन म्हणजे सोहळा नव्हे.

आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या आठवा. गिरणी आली, ओव्या पाठ असलेल्या बायका घरात होत्याच, विसरल्या नव्हत्या, पण पहाटे जात्यावर बसायची वेळच उरली नाही. नंतर महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या, फार मोलाचं काम झालं ते, तरी नव्या ओव्या रचणं थांबायचं ते थांबलंच. लेनापेंचं नेमकं हेच झालं.

## मग रेकॉर्ड करून ठेवलं की झालं ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर हो आणि नाही दोन्ही आहे, म्हणून जरा थांबून बघू.

नोरा थॉम्पसन डीन. जन्म १९०७, ओक्लाहोमा, घरात लेनापे बोलणारे आईवडील. उनामी अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या काही माणसांपैकी एक. गोष्टी, औषधी झाडं, विधी, स्वयंपाक, काय विचाराल ते त्यांना येत होतं, आणि त्यांनी ठरवलं की जो विचारेल त्याला सांगायचं. भाषातज्ज्ञ आले, संशोधक आले, पेनसिल्व्हेनियाहून एक तरुण १९६० च्या दशकात आला तो तिथेच राहिला आणि भाषा शिकला. नोराबाई लोकांच्या पत्रांना उत्तरं द्यायच्या, भाषेच्या धड्यांच्या कॅसेट काढल्या, न्यू जर्सीलाही बोलायला गेल्या, म्हणजे पूर्वज जिथून हाकलले गेले तिथे जाऊन त्यांच्याच भाषेत बोलल्या. १९८४ मध्ये गेल्या. त्यांचे भाऊ एडवर्ड थॉम्पसन २००२ मध्ये गेले, आणि लहानपणापासून उनामी बोलणारं शेवटचं माणूस गेलं.

आज डेलावेअर ट्राइबचा ऑनलाइन बोलता शब्दकोश आहे, शब्दावर क्लिक केलं की त्या पिढीचा खरा आवाज ऐकू येतो. हे नसतं तर आज शिकणाऱ्याला उच्चार कळायला मार्गच नव्हता. म्हणून हो, रेकॉर्डिंग हवंच, आणि ज्या समाजात अजून म्हातारी माणसं आहेत तिथे आजच हवं.

आता नाही का, ते. रेकॉर्डिंग एकाच दिवसाचं असतं. त्या दिवशी समोर प्रोफेसर बसले होते, टेप फिरत होती, तर सांगणारी बाई प्रोफेसरला कळेल असं सांगते, घरातल्या सहा वर्षांच्या नातीला सांगताना ती वेगळं सांगेल, मध्ये थांबेल, प्रश्न विचारेल, नात घाबरली तर अस्वलाला जरा लहान करेल. टेपला प्रश्न विचारता येत नाही. आणि टेप जुलैमध्येही वाजते! हिवाळ्याचा नियम तिला माहीत नाही. ही बारीक गोष्ट वाटेल पण समाजातल्या माणसांना ती बोचते, कारण नियम पाळणं हा गोष्टीचाच भाग आहे. यावर काही ठिकाणी उपाय निघालेत, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर तयार झालेलं मुकुर्तू नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कोणतं साहित्य कोणाला दिसावं हे तो समाज ठरवतो. यंत्र नियम शिकू शकतं, फक्त नियम ठरवणारी माणसं यंत्राच्या कंपनीतली नसावीत.

## भाषा गेली तर इंग्रजीत सांगा की!

सांगतातच. बहुतेक लेनापे मुलं आज गोष्टी इंग्रजीतच ऐकतात आणि त्यात कमीपणा काही नाही. कासवाची गोष्ट इंग्रजीतही उभी राहते, कारण तिचा कणा चित्रात आहे.

पण त्या जॅकच्या गोष्टी घ्या. त्यांची सगळी गंमत लेनापे क्रियापदांवर चालते, बोलणाऱ्याला एक म्हणायचं असतं, शब्दाचा दुसराही अर्थ निघतो आणि जॅक नेमका तोच धरतो. इंग्रजीत आणलं की विनोद समजावून सांगावा लागतो, आणि समजावलेल्या विनोदाला पोरं हसत नाहीत. म्हणून भाषेचे वर्ग आणि गोष्टी हे दोन वेगळे प्रकल्प नाहीत. मुन्सीचे तर लहानपणापासून बोलणारे ऑंटारियोत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि तिथे मोठी झालेली माणसं नव्याने शिकून लहानांना शिकवतायत. चुकत शिकतायत, आणि चुकूद्यात. शिकलेली भाषा आजीच्या भाषेसारखी गुळगुळीत नसणार, पण दुसरी पिढी त्यावर चढून पुढे जाईल.

## तोंडी आहे, म्हणजे बदललं असणार, खरं कशावरून?

हा आक्षेप रास्त आहे, झटकून टाकू नये. हेकेवेल्डरने नोंदवलेल्या त्याच जहाजाच्या गोष्टीत पुढे येतं की गोऱ्यांनी एका बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन मागितली, आम्ही दिली, तर त्यांनी कातडं कापून बारीक दोरी केली आणि तिने केवढातरी प्रदेश वेढला. आता अशीच गोष्ट उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन कार्थेज शहराबद्दलही सांगतात. म्हणजे ही कथा जगात फिरत असणार, आणि मॅनहॅटनला दोरी खरंच ताणली गेली असं मी म्हणणार नाही. पण १७३७ च्या त्या चालण्याच्या करारात काय झालं ते कागदोपत्री आहे, आणि ते कातड्याच्या गोष्टीपेक्षा वेगळं आहे का? शब्द पाळायचा दाखवायचा आणि अर्थ ताणायचा. गोष्टीने घटनेचा तपशील नाही, घटनेची रीत जपली.

आणि लिहिलेलं म्हणजे खरं, हे तरी कुठे आहे. १८३६ मध्ये राफिनेस्क नावाच्या विद्वानाने "वालम ओलम" म्हणून एक लेनापे महाकाव्य जगापुढे आणलं, चित्रलिपी, खाली लेनापे शब्द, आशियातून केलेल्या स्थलांतराची सगळी कहाणी. दीडशे वर्षं लोकांनी मानलं, १९५४ मध्ये इंडियानातून त्याची मोठी देखणी आवृत्ती निघाली, पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचलं. १९९० च्या दशकात डेव्हिड ओस्ट्राइकर या अभ्यासकाने दाखवून दिलं की राफिनेस्कने मजकूर आधी इंग्रजीत रचला आणि मग छापील शब्दयाद्या वापरून त्याचं लेनापे केलं होतं. ओक्लाहोमातल्या म्हाताऱ्या माणसांना जिवंत परंपरा येत होती, त्यांच्याकडे असं काही काव्य नव्हतं, पण कागद पुस्तकात होता म्हणून कागदाचं ऐकलं गेलं. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

## आता गोष्ट सांगायची कोणी?

यावर वाद आहेत आणि ते लपवून उपयोग नाही. अमेरिकन सरकार काही समूहांना राष्ट्र म्हणून मान्यता देतं, मग निधी, योजना त्यावर ठरतात. ओक्लाहोमातल्या डेलावेअर ट्राइबची ही मान्यता १९७९ मध्ये गेली, १९९६ मध्ये परत मिळाली, २००४ मध्ये पुन्हा गेली, २००९ मध्ये पुन्हा आली. अशा धरसोडीत वर्ग, शिक्षक, रेकॉर्डिंगचं काम कसं चालवायचं ते विचार करून बघा. पूर्वेला राहिलेल्या गटांपैकी काहींना न्यू जर्सी राज्याची मान्यता आहे पण वॉशिंग्टनची नाही, आणि ओक्लाहोमावाल्यांना यातल्या काहींचा दावा पटत नाही. बाहेरच्या माणसाने यात निवाडा करायला जाऊ नये, पण कोण सांगतंय, त्याने कोणाकडून ऐकलं, हे विचारायला काहीच हरकत नाही. परंपरेतला चांगला सांगणारा हे न विचारता आधीच सांगतो.

न्यूयॉर्कमध्ये लेनापे सेंटर नावाची लेनापे लोकांनीच चालवलेली संस्था आहे, २०२२ मध्ये त्यांनी ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्वतः मांडलेलं प्रदर्शन भरवलं. ज्या शहरात शाळेतली मुलं चारशे वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून यांच्याबद्दल ऐकत आली तिथे हे उशिरा झालं, पण झालं.

## न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांसाठी

पार्सिपनी, हॅकनसॅक, पॅसेइक, रॅरिटन, ही नावं रोज जीपीएसमध्ये टाइप करता ती लेनापे भाषेतून आलीयत. थँक्सगिव्हिंगच्या आसपास मुलांच्या शाळेत पिसांची टोपी करून आणायला सांगतात, तेव्हा टीचरना विचारा की इथल्या गोष्टी सांगायला लेनापे माणसाला बोलावता येईल का, आणि बोलावलं तर मानधन द्या, फुकट नको, तेही त्यांचं काम आहे. मुलांना बोलत्या शब्दकोशातले आवाज ऐकवा, दोन शब्द म्हणून बघा. आणि गोष्टी ऐकवायच्या असतील तर डिसेंबर-जानेवारीत ऐकवा, बाहेर बर्फ असताना. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी हट्ट केला तर त्यांना सांगा की थांबावं लागेल, आणि का ते पण सांगा.